तिकीट घरातच का राहतं? दिल्ली, कोलंबो, मनिला आणि आपली मुंबई

लालबागकर

घराणेशाहीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपल्या लोकांनाच राजा लागतो." मतदार आडनाव बघून बटण दाबतो, मग तक्रार कुणाकडे करायची? मला हे कधीच पटलेलं नाही. माझ्या मते घराणं तयार होतं ते मतदानाच्या कितीतरी आधी, पक्षाच्या बंद खोलीत. आपल्यापुढे यंत्रावर नाव येतं तेव्हा खरी निवड उरकलेली असते. यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

पंतप्रधानपदापासूनच सुरू करतो. नेहरूंनी मुलीला गादी दिली असं सर्रास बोललं जातं. घटनाक्रम मात्र वेगळा आहे. २७ मे १९६४ ला नेहरू गेले आणि त्यांच्या जागी लालबहादूर शास्त्री आले. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष कामराज यांनी पक्षातल्या सगळ्या गटांचा अंदाज घेऊन ते नाव पुढे केलं होतं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा इंदिराबाईंना संसदीय पक्षात मोरारजी देसाईंविरुद्ध निवडणूक लढवावी लागली. ३५५ विरुद्ध १६९. आडनावाचा फायदा झाला का? झालाच. वडील पंतप्रधान असतानाच, १९५९ मध्ये, त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या होत्या. तरीही १६९ खासदारांना दुसऱ्या माणसाला मत देता आलं, आणि ते मोजलं गेलं.

आता ३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी इंदिराबाईंची हत्या झाली आणि संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी. संसदीय पक्षात मतदान नाही, समोर दुसरं नाव नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. या अठरा वर्षांत मतदार बदलला म्हणायचं का? मतदाराने तर १९७७ मध्ये रायबरेलीत खुद्द इंदिराबाईंना आणि अमेठीत संजय गांधींना पाडलं होतं. बदलला होता पक्ष. १९६९ मध्ये तो फुटला आणि १९७२ नंतर काँग्रेसच्या संघटनात्मक निवडणुकाच थांबल्या. त्या पुन्हा झाल्या १९९२ मध्ये, नरसिंह रावांच्या काळात. मधली वीस वर्षं जिल्हाध्यक्षापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळे वरून नेमलेले. आपण महाराष्ट्रात अंतुले पाहिले, बाबासाहेब भोसले पाहिले. आमदारांनी हात वर करायचे ते दिल्लीच्या लिफाफ्यातून आलेल्या नावासाठी. खालून वर येणारा जिनाच काढून टाकल्यावर वरच्या मजल्यावर कोण उरणार? तिथेच जन्मलेली माणसं.

शेजारी तर याहून स्पष्ट दिसतं. २७ डिसेंबर २००७ ला बेनझीर भुट्टोंची हत्या झाली. त्यांच्या मृत्युपत्रात पक्षाचं नेतृत्व पती आसिफ झरदारींकडे सोपवलेलं होतं. झरदारींनी तीनच दिवसांत १९ वर्षांच्या मुलाला, बिलावलला, अध्यक्ष केलं आणि स्वतः सहअध्यक्ष झाले. देशभर पसरलेला पक्ष, ज्यासाठी हजारो माणसं तुरुंगात गेली, फटके खाल्ले, तो एका कुटुंबाच्या मृत्युपत्रात लिहिला गेला. श्रीलंकेत बंदरनायके: १९५९ मध्ये पंतप्रधान असलेल्या नवऱ्याची हत्या झाली, १९६० मध्ये सिरिमाओ जगातली पहिली निवडून आलेली स्त्री पंतप्रधान झाल्या, आणि १९९४ मध्ये मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तिने आईलाच पुन्हा पंतप्रधान केलं.

मतदाराला दोष देण्याआधी तिकीट कोण वाटतं ते बघावं, एवढं माझं म्हणणं आहे. मुंबईतले अनुभव असतील तर जरूर लिहा.

बोरिवली_स्लो

धागा चांगला आहे, पण सगळी उदाहरणं काँग्रेसचीच का? आमच्या उत्तर मुंबईचे सध्याचे खासदार पीयूष गोयल. त्यांचे वडील वेदप्रकाश गोयल वाजपेयींच्या मंत्रिमंडळात होते आणि आई चंद्रकांताबेन माटुंग्यातून तीनदा आमदार. देवेंद्र फडणवीसांचे वडील विधान परिषदेत होते, काकू शोभाताई मंत्री होत्या. यातल्या कुणाच्या कर्तृत्वाबद्दल मला शंका घ्यायची नाही. फक्त यादी करायची तर पूर्ण करावी.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. भाजपमध्ये मधल्या फळीत घराणी भरपूर आहेत, पण सर्वोच्च पद आजवर कुणाच्या घरात गेलेलं नाही. वाजपेयी, अडवाणी, मोदी, कुणाचाच मुलगा किंवा मुलगी त्या खुर्चीत आली नाही. राजकारणाची पार्श्वभूमी नसलेल्या एक लाख तरुणांना राजकारणात आणायचं, असं पंतप्रधान १५ ऑगस्ट २०२४ ला लाल किल्ल्यावरून बोलले होते. शेवटच्या पायरीवर कुणाला आरक्षण आहे आणि कुणाला नाही, हा फरक तुम्ही मान्य करणार की नाही?

लालबागकर

मान्य आहे, आणि तो लहान फरक नाही. पण तिथेही अध्यक्ष बिनविरोधच येतो. दोन नावं उभी राहिली, सदस्यांनी मतं दिली, कुणी हरलं, असं होत नाही. आज सर्वोच्च पद कुटुंबाबाहेर आहे ते परंपरेमुळे आणि माणसांमुळे. नियम म्हणून ते बाहेर राहील याची हमी काय? काँग्रेसमध्येही शास्त्रीजींच्या काळात हीच परंपरा होती.

पारलेकरीण

लालबागकर, तुमचं "बदलला होता पक्ष" हे पटतं, पण एका बाजूने तुम्ही पाहिलंच नाहीत. बायकांना तिकीट मिळायचा मार्ग कोणता?

या शतकात मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेल्या बायका आठवा. प्रिया दत्त, पूनम महाजन, वर्षा गायकवाड. तिघीच. सुनील दत्तांची मुलगी, प्रमोद महाजनांची मुलगी, एकनाथ गायकवाडांची मुलगी. तिघींचे वडील खासदार होते. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे बायका बँका चालवतात, रुग्णालयं चालवतात, लोकल चालवतात, तिथे पक्षांना तिकीट देण्याजोगी बाई फक्त खासदाराच्या घरात सापडते?

मग थोडं मागे जा. १९७७. त्या एका निवडणुकीत मुंबईने मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघींना लोकसभेवर पाठवलं. १९८० मध्ये प्रमिला दंडवते. पुढे जयवंतीबेन मेहता. मृणालताई गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी लढत १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या, १९७२ मध्ये आमदार, मग खासदार. महागाईविरोधातला लाटणं मोर्चा माझ्या आईने पाहिलेला. ती सांगायची की चाळीतल्या बायका आधी लाजत होत्या, मग कुणी बोलवायची वाट बघेनात. जयवंतीबेनही महापालिकेतूनच वर आल्या.

यांनाही घरं होती. अहिल्याताई कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिव्यांच्या बहीण. प्रमिलाताई आणि त्यांचे पती मधू दंडवते तर १९८० च्या लोकसभेत दोघं एकदमच होते. पण अहिल्याताईंना कुणी "रणदिव्यांची बहीण" म्हणून मत दिलं नाही. कित्येक वर्षं त्या नगरसेविका होत्या आणि लोकांनी त्यांना रस्त्यावर, मोर्चात, पोलिसांच्या गाडीत पाहिलं होतं.

म्हणून मला घराण्यातल्या मुलींचा राग येत नाही. वर्षाताई चार वेळा धारावीच्या आमदार होत्या, राज्याच्या शिक्षणमंत्री होत्या, त्यांनी काम केलंय. राग येतो तो याचा की मृणालताईंचा रस्ता बंद झाला आणि मुलींचा तेवढा उघडा राहिला. वर्षाताई २०२४ मध्ये लोकसभेवर गेल्या आणि धारावीचं तिकीट त्यांच्या बहिणीला मिळालं. धारावीत त्या पक्षाकडे दुसरी एकही कार्यकर्ती नव्हती, हे मी कसं मानू?

शिवडीचा

पारलेकरीणताई, हे आधी कुणी असं मांडलेलं वाचलं नव्हतं. तिन्ही मुलीच. डोक्यात बसलं.

जुना कार्यकर्ता

बरीच वर्षं एका पक्षाचं बूथचं काम केलंय. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण मी सांगतोय ते बहुतेक सगळ्या पक्षांत तसंच आहे.

तिकीट कसं ठरतं ते बाहेरून दिसत नाही. महापालिकेचंच घ्या. आधी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघते. वॉर्ड खुला राहिला तर नगरसेवक स्वतः. महिला राखीव झाला तर त्याच रात्री त्याच्या बायकोचे फ्लेक्स छापायला जातात. वॉर्ड तिसऱ्याच प्रवर्गात गेला तर साहेब शेजारच्या वॉर्डात जातात आणि तिथल्या कार्यकर्त्याची वर्षं वाया. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार असल्याचा कागद, शेवटच्या रात्री हातात पडतो, तोपर्यंत कुणाचंच काही पक्कं नसतं. आमच्याकडे एक बाई होती. आरोग्य शिबिरं, रेशनकार्डं, पावसात तुंबलेली गटारं, सगळं तीच बघायची. वॉर्ड महिला झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हिचा नंबर. फॉर्म आला विभागातल्या नेत्याच्या सुनेच्या नावाने. ती सून मतदार यादीत नाव होतं म्हणून वॉर्डातली, एरवी तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तिचाच प्रचार केला आणि ती निवडून आली. त्या बाईने नंतर काम सोडलं.

आता उलट बाजूही सांगतो, कारण ती तुम्हा कुणाच्या लिहिण्यात नाही. पुष्कळदा कार्यकर्तेच म्हणतात, साहेबांच्या मुलाला द्या. का? एका वॉर्डात पाच इच्छुक असतात. पाचातल्या एकाला दिलं की चार नाराज. एक बंडखोरी करणार, दोघं आतून पाडापाडी करणार. साहेबांच्या मुलाला दिलं की पाचही गप्प, कारण त्याच्याशी कुणाची बरोबरी नाही, त्यामुळे कुणाचा अपमानही नाही. घराणं हे भांडण मिटवायचं साधन झालंय. ज्या पक्षात मतदानाने भांडण मिटत नाही तिथे दुसरं करणार काय?

आणि पैसा. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. ४० लाख कागदावर ठेवा बाजूला, नुसतं बूथवर बसायला माणसं, त्यांचं जेवण, गाड्या, मंडळांची वर्गणी, दहीहंडी, नवरात्र. हे पाच वर्षं सांभाळायला ज्याच्याकडे आधीच काही आहे तोच टिकतो. गटप्रमुखाचा मुलगा कितीही हुशार असो, तो महिना पगारावर असतो.

माहीमची

काका, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण मतदाराला इतकं बाजूला काढू नका. आमच्या माहीममध्ये २०२४ ला अमित ठाकरे उभे होते. ज्या घराच्या शब्दावर दादर-माहीम एके काळी बंद व्हायचं, त्या घरातला उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. २०१९ ला राहुल गांधी अमेठीत हरले. श्रीलंकेत २०२२ मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरले, गोटाबाया राजपक्षेंना देश सोडावा लागला, आणि २०२४ मध्ये त्याच घरातले नमल राजपक्षे उभे राहिले तर त्यांना मतं अगदीच थोडी मिळाली. जिंकले अनुरा कुमार दिसानायके. लोक नाकारतात.

लालबागकर

माहीमची, नाकारतात हे खरंच. पण नाकारल्यावर पर्याय म्हणून काय समोर येतं ते बघा. त्याच २०२४ मध्ये शेजारच्या वरळीत आदित्य ठाकरे विरुद्ध मिलिंद देवरा. एकीकडे ठाकरे घराण्यातली तिसरी पिढी, दुसरीकडे मुरली देवरांचा मुलगा. तिसरे मनसेचे संदीप देशपांडे, ते स्वतः कार्यकर्त्यातून आलेले, पण त्यांचा पक्ष पुन्हा ठाकरे घरातलाच. वरळीच्या मतदाराने घराणेशाही नको असं ठरवलं असतं तर त्याने बटण कुठलं दाबायचं होतं?

हीच दक्षिण मुंबई एके काळी काय होती! १९६७ मध्ये स. का. पाटील उभे होते, केंद्रीय मंत्री, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा. त्यांच्यासमोर जॉर्ज फर्नांडिस, महापालिकेतला नगरसेवक आणि कामगार पुढारी. घर मंगळूरचं, मुंबईत ना नातं ना आडनाव. पाटील पडू शकतात हेच लोकांना खरं वाटत नव्हतं, ते आधी पटवून द्यावं लागलं. आणि ते पडले. आमच्या लालबाग-परळमधल्या जुन्या माणसांना अजून ती निवडणूक तोंडपाठ आहे. तो मतदार काही परदेशातून आणलेला नव्हता. त्याला पर्याय मिळाला आणि त्याने तो घेतला.

जुना कार्यकर्ता, तुमचं भांडण मिटवायचं साधन हे फार मोलाचं आहे. पण एक विचारतो. घराणं भांडण मिटवतं, मग महाराष्ट्रातल्या अलीकडच्या दोन मोठ्या घरफुटी कुठून आल्या? २००६ मध्ये मनसे निघाली ती मुलगा की पुतण्या यावरून. राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली ती मुलगी की पुतण्या यावरून. २०२४ ला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर. खालच्या पाच इच्छुकांचं भांडण मिटलं असेल, पण ते वर जाऊन मोठं झालं आणि त्याच्याबरोबर अख्खं राज्य फरफटलं.

जुना कार्यकर्ता

खरं आहे. आणि त्या फुटीत खालच्या माणसाला विचारलं कुणी? सकाळी उठलो तर समजलं की पक्ष फुटलाय, आता ठरवा कुठे जायचं. शाखेत एकत्र चहा पिणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

मनिलाकर

कंपनीच्या कामासाठी काही वर्षं मनिलाला होतो, आता ठाण्यात. फिलिपिन्सचं उदाहरण इथे यायलाच हवं, कारण घराणेशाहीवर थेट राज्यघटनेत कलम घालणारा हा देश आहे.

१९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि हुकूमशहा मार्कोस पळाले. १९८७ ची नवी घटना झाली. तिच्या दुसऱ्या प्रकरणात २६ वं कलम आहे: सार्वजनिक सेवेची समान संधी राज्य देईल आणि राजकीय घराण्यांना बंदी करेल, "कायदा व्याख्या करेल त्याप्रमाणे". सगळं त्या शेवटच्या तुकड्यात अडकलं. कायदा करायचा संसदेने, आणि संसदेत बसलेली बहुसंख्य मंडळी त्याच घराण्यांतली. त्या कलमाला जीव देणारा सर्वसाधारण कायदा झालाच नाही. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांची यादी बघा. कोराझोन अकिनो, नंतर त्यांचा मुलगा बेनिग्नो. दिओसदादो माकापागाल यांची मुलगी ग्लोरिया. आणि २०२२ मध्ये खुद्द मार्कोस यांचा मुलगा, उपाध्यक्षपदी आधीचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांची मुलगी सारा. ज्याला घालवण्यासाठी घटना बदलली, त्याचं घर ३६ वर्षांनी त्याच राजवाड्यात परत आलं.

आणखी एक गोष्ट, जुन्या कार्यकर्त्याच्या सोडतीशी जुळणारी. तिथे खासदार, गव्हर्नर, महापौर यांना लागोपाठ तीनच मुदती मिळतात. हेतू चांगला: एकच माणूस खुर्चीला चिकटू नये. झालं काय? तीन मुदती संपल्या की बायको उभी राहते, तिच्यानंतर मुलगा, मग साहेब पुन्हा परत. माणूस बदलायचा नियम होता, घर बदलायचा नव्हता. आपल्याकडे वॉर्डाचं आरक्षण फिरतं त्याचाही कित्येक ठिकाणी हाच परिणाम झालाय. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के जागा दिल्या, तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण पक्षाच्या आतली दारं तशीच बंद ठेवून बाहेर आरक्षण दिलं की त्या जागा कुणाच्या घरी जातात हे वर आलंच आहे.

बोरिवली_स्लो

म्हणजे घटनेत लिहूनही काही झालं नाही. मग थेट बंदी हा उपाय बाद समजायचा का? तसंही एखाद्याचा बाप खासदार होता म्हणून त्याने निवडणूकच लढवायची नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. मुलाने काय पाप केलं?

मनिलाकर

बंदी मलाही नको. मुलाला उभं राहू द्या, बाकीच्यांनाही राहू द्या.

पारलेकरीण

अमेरिकेत बघा ना, तिथेही घराणी आहेतच. अॅडम्स बाप-लेक राष्ट्राध्यक्ष, बुश बाप-लेक राष्ट्राध्यक्ष. पण तिथे पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत सामान्य मतदार ठरवतात. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याकडे नाव, पैसा, संघटना सगळं होतं, आणि बराक ओबामा या तोवर फारशा न ऐकलेल्या नावाने त्यांना पक्षातच हरवलं. २०१६ मध्ये जेब बुश, एका राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि दुसऱ्याचा भाऊ, प्राथमिक फेरीतच बाहेर पडले. घराणी संपली नाहीत, पण आडनावाला पक्षाच्या आत कुणीतरी आव्हान देऊ शकतं आणि जिंकूही शकतं. आपल्याकडे हे आव्हान द्यायला जागाच नाही. दिलं की तो "पक्षविरोधी".

आपल्याकडे काँग्रेसमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली की ती बातमी होते, कारण इतकी क्वचित होते. २००० मध्ये जितेंद्र प्रसाद सोनिया गांधींविरुद्ध उभे राहिले तर त्यांना ९४ मतं, सोनियांना ७,४४८. २०२२ मध्ये खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. हजाराच्या वर मतं विरोधात पडली, हीसुद्धा मला पुढे पडलेली पायरी वाटते.

शिवडीचा

पण खर्गेंचा मुलगा कर्नाटकात मंत्री आणि जावई २०२४ मध्ये गुलबर्ग्याचे खासदार. बाहेरचा माणूस अध्यक्ष झाला तरी त्याचं घर तयार होतंच की. देवेगौडांचंही तसंच: शेतकऱ्याचा मुलगा पंतप्रधान झाला, आणि मग मुलगा मुख्यमंत्री, दुसरा मंत्री, नातू खासदार. पहिली पिढी लढून येते, दुसरी घरातून. याला औषध काय, हे कुणीतरी सांगा. मी पंचविशीत आहे, राजकारणात यायची खरंच इच्छा आहे, वडील गोदीत होते. मी कुठल्या दारातून जाऊ?

विधी_विद्यार्थिनी

शिवडीचा, तुमच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने उत्तर द्यायचा प्रयत्न करते. लांबेल, सांभाळून घ्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली निवडणूक आयोग पक्षांची नोंदणी करतो. नोंदणीच्या वेळी पक्ष राज्यघटनेशी आणि लोकशाहीच्या तत्त्वांशी निष्ठा ठेवू असं लिहून देतो. पण पुढे पाळलं नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की काही अपवाद सोडले तर नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही. त्यामुळे अंतर्गत निवडणूक झाली, अध्यक्ष बिनविरोध, असा कागद पोचला की विषय संपतो. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांच्या अंतर्गत लोकशाहीसाठी कायदा करा अशी शिफारस केली होती. ती तिथेच आहे. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर, पदाधिकारी नेमायच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, पण निकाल दिला तो शेवटी आमदार-खासदार कुणाकडे जास्त यावरूनच.

त्यात १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. पैशासाठी उड्या मारणाऱ्यांना आवर घालायला आणला, पण त्याने पक्षनेत्याच्या हातात व्हिपची, म्हणजे पक्षादेशाची, काठी दिली. तिकीट नेत्याच्या हातात, सभागृहातलं मतही नेत्याच्या हातात. १९६६ च्या त्या १६९ खासदारांसारखं वेगळं मत द्यायची सवय राहणार कशी?

जर्मनीत मूलभूत कायद्याचं २१ वं कलम म्हणतं की पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे. तिथे संसदेचे उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडावे लागतात, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. आपल्याकडे असं काही व्हायला संसदच लागेल, आणि मनिलाकरांनी सांगितलेला पेच तिथेही आहे.

म्हणून मला एक लहान पण आज असलेली वाट दिसते. १३ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला पक्षाने तिकीट दिलं तर त्याचीच निवड का केली आणि गुन्हे नसलेला दुसरा का चालला नाही, याची कारणं जाहीर करायची. नुसतं "निवडून येण्याची क्षमता" हे कारण चालणार नाही. ती कारणं एका स्थानिक आणि एका राष्ट्रीय वृत्तपत्रात आणि पक्षाच्या समाजमाध्यमांवर द्यायची. त्याला सी-७ नमुना म्हणतात. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांना तो लागू आहे. पक्ष तो कसाबसा भरतात, एकच मजकूर सगळ्यांना चिकटवतात, हे खरं. पण तत्त्व मान्य झालंय: तिकीट का दिलं याचा जाब पक्षाला विचारता येतो.

हेच पुढे न्यायला हवं. प्रत्येक उमेदवारासाठी पक्षाने जाहीर करावं की या जागेसाठी किती जणांनी अर्ज केले, निवड कुणी केली, मतदान झालं का, आणि उमेदवाराच्या घरातलं कुणी आधी किंवा आत्ता निवडून आलेलं आहे का. कुणावर बंदी नाही. फक्त बंद खोलीतला कागद बाहेर.

लालबागकर

ताई, धाग्यातला हा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. "किती जणांनी अर्ज केले" हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. इच्छुकांचे अर्ज आणि मुलाखती सगळेच पक्ष घेतात, अर्जाबरोबर पैसेही घेतात काही जण. म्हणजे यादी पक्षाकडे असतेच.

शिवडीचा, तुमच्यासाठी: महापालिका हेच ते दार होतं. फर्नांडिस, मृणालताई, अहिल्याताई, जयवंतीबेन, सगळे तिथून आले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षं २२७ वॉर्डांना नगरसेवक नव्हता. तेवढ्या काळात एका पूर्ण पिढीची पहिली पायरी गेली. ज्यांच्या घरी आधीच आमदार-खासदार होते त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते तुमच्यासारख्यांचं. महापालिकांच्या निवडणुका वेळेवर व्हायला हव्यात ही मागणी घराणेशाहीविरोधातलीही मागणी आहे.

जुना कार्यकर्ता

शिवडीचा, पक्ष कुठलाही निवडा, पण आधी मतदार यादी हातात घ्या. तुमच्या चार इमारतींत किती नावं गळलीत, किती दुबार आहेत, कोण गावाला गेलंय, हे ज्याला माहीत त्याला बूथवर कुणी हलवू शकत नाही. ते काम साहेबांचा मुलगा करत नाही. फॉर्म मागायची वेळ येईल तेव्हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आमच्याकडच्या त्या बाईने तोंडीच मागितलं होतं. पुढे विचारायला गेली तर विभागात सांगितलं, तुमचा अर्जच नव्हता.

शिवडीचा

काका, नोंद घेतली. यादीचं काम या रविवारपासून सुरू करतो. विधी_विद्यार्थिनी, गेल्या विधानसभेचे आपल्या भागातले सी-७ नमुने कुठे बघायला मिळतील? जुन्या पेपरांत शोधायचे झाले तर दादरच्या ग्रंथालयात बसायची माझी तयारी आहे.

विधी_विद्यार्थिनी

पक्षांच्या संकेतस्थळांपासून सुरू करा, तिथे नाही मिळाले तर पेपर. दादरला मीही येते. शिवडी, परळ, माहीम, वरळी एवढे चार भाग आधी घेऊ. कारणांच्या रकान्यात काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाकू या.